उंबराईला दिलेलं आवतण

१

पनवेलच्या खाली, खाडी जिथं दमून चिखल होते, तिथं एक गाव होतं. गावात राहायची हौसा, तिची लेक सत्यवती, जिला सगळे सत्या म्हणायचे, आणि हौसाचा थोरला दीर दाजी. हौसाचा नवरा मिठागरावर राबता राबता गेला, त्याला सात वर्षं झाली होती. आणि गावाच्या पाठीशी एक डोंगर होता, उंबराई नावाचा. त्यालाही माणसांत धरा, कारण ही गोष्ट त्याचीही आहे. डोंगर म्हणायचं, पण नाव बाईचं. म्हणून गावात कोणी त्याला ‘तो’ म्हटलं नाही, ‘ती’च म्हणायचे.

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. उंबराईवरचं रान सरकारनं राखीव केलेलं, लाकूड तोडायची बंदी. मग रस्ता न्यायचा कुठून? तर तिच्या पोटातून. बोगदा दोन्हीकडून खणायला घेतला. अलीकडच्या तोंडाला आपली गावची माणसं, पलीकडच्या तोंडाला त्या अंगची.

पलीकडं पहार मारायला होता तुळशीराम. त्याचं नि सत्याचं ठरलेलं. तुळशीरामचा बाप विठू म्हणाला, “आता वळसा घालून यायचं म्हणजे अर्धा दिस जातंय. भोक आरपार होऊ दे, वऱ्हाड सरळ चालत येल.” वैशाखातली तिथी धरली. म्हणजे बघा, नवरा एका बाजूनं खणत होता नि नवरी दुसऱ्या बाजूनं माती उपसत होती. बाया सत्याला म्हणायच्या, “एवढी घाई कुनाला असते का गो? डोंगर फोडून चाललीस.”

हौसा होती धवलारीण. आमच्या आगऱ्यांत लग्न धवलारणीशिवाय लागत नाही. ती आधी गाण्यातून एकेकाला आवतण देते, गावदेवीला, खाडीला, वाडवडलांना. मग लगीन लावते. मग आलेल्या सगळ्यांना निरोप देते. मांडवाबाहेर धवलं, म्हणजे हे लग्नाचं गाणं, गायचं नाही आणि एकदा आवतण दिलं की मधेच सोडायचं नाही, गाण्याचे एवढे दोनच नेम. हौसानं दोनशेच्या वर लग्नं लावली. पण गळा जपला होता तो एकाच लग्नासाठी. आपल्या सत्याचं.

२

काम असं चालायचं. गडी सुरुंगाची भोकं पाडायचे, शिटी झाली की सगळे बाहेर, बार उडाला की धुरळा बसेस्तोवर थांबायचं, मग बायांनी आत जायचं. आतल्या टोकाला गडी घमेली भरायचे, तिथून तोंडापर्यंत बायांची रांग. घमेलं या हातातून त्या हातात. सगळ्यांत आत हौसा, मग सत्या, मग शुक्री नावाची कातकरीण, मग बाकीच्या.

एक दिवस छतातून धोंडा सुटला. कुणाला लागलं नाही, पण शुक्रीनं नुकतंच खाली ठेवलेलं घमेलं चपटं झालं. बाया जागच्या जागी खिळल्या. दिनानाथ मुकादम बाहेरून ओरडून ओरडून थकला.

शुक्री म्हणाली, “मी नाय हात लावायची. बघ ना, घमेल्याची भाकरी झालीया.”

हौसाला हसू आलं. भ्यालेल्या बायांचे हात हलायचे तर त्यांना ताल पाहिजे, हे तिला ठाऊक. आणि तिच्या गळ्यातून जे निघालं ते धवलंच निघालं. दुसरं येतंय कुठं तिला?

*पयलं आवतन गावदेवीला,*
*ये गो बाय, मांडवाला ये.*
*दुसरं आवतन खाडीमायला,*
*ये गो बाय, मांडवाला ये.*

बायांनी दुसरी ओळ उचलली. हात हलले, घमेली चालली. बोगदा असा भरून आला, जसा नव्या माठात पाणी ओतताना आवाज चढत जातो.

सत्या लाजून म्हणाली, “आये, कुनाचं लगीन लावतंस?”

“तुझंच गो. हात चालव, नवरा पलीकडं वाट बघतंय.”

सगळ्यांची नावं घेऊन झाली. हौसा अंगात आल्यासारखी गात होती. तिनं ओल्या कातळावर हात ठेवला नि म्हणाली, *उंबराईबाय, तुझ्या पोटी उभी, ये गो बाय, तू बी ये.* बायांनी हसत साथ दिली. तेवढ्यात बाहेर शिटी झाली. एक बार उडायचा राहिला होता. गाणं तसंच टाकून सगळ्या धावत सुटल्या.

बाहेर झाडाखाली भाकरी सोडताना शुक्रीनं विचारलं, “हौसाबाय, त्या गान्याचं फुडं काय असतंय?”

“फुडं लगीन.”

“मंग लावलंस का?”

हौसा हसली. पण भाकरीचा तुकडा तिनं परत फडक्यात ठेवला. दोन्ही नेम एका दमात मोडले होते, आणि बोलावलं कुणाला, तर जिच्या पोटात सुरुंग लावत होतो तिला.

३

दुसऱ्या दिवशी कुणी गायलं नाही. सगळ्या मुकाट्यानं माती देत होत्या. आतले गडी न्याहारीला बाहेर गेलेले. आणि आतून, जिथं नुसता कातळ होता तिथून, हळूच आलं: *ये गो बाय, मांडवाला ये.*

हौसानं मान वर केली. सत्यानं ऐकलं नव्हतं. शुक्रीनं ऐकलं होतं, पण ती पायाकडं बघत राहिली.

हौसाचं डोकं काही हलकं नव्हतं. तिनं विचार केला, की हा पडसाद. पण पडसाद मागचं बोलणं देतो, कालचं नाही देत. मग मनाशी म्हणाली, पलीकडच्या तोंडाला बाया असतील, त्यांचा आवाज कातळातून झिरपत असेल. हे पटलं. मन शांत झालं नि तिनं सवयीनं आतल्या बाजूला हात केले. हातात घमेलं आलं. काठोकाठ भरलेलं, चांगलं जड. तिनं ते सत्याकडं दिलं, दुसरं घेतलं, तेही दिलं. चौथं घेताना तिच्या ध्यानात आलं, की आत गडी नाहीत.

तिनं मागं वळून बघितलं नाही. घमेलं सत्याला दिलं, कपाळ पुसलं नि म्हणाली, “पोरी, आज मी मधे उभी र्‍हातंय. आतली जागा सोडू या.”

“का गो?”

“ओल हाय तिथं,” हौसा म्हणाली. तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं, की आपला आवाज बसलाय.

त्या आठवड्यात मुकादम खूश होता. कातळ लोण्यासारखा सुटायला लागला होता. जिथं दिवसाला दोन हात सरकायचं तिथं चार हात सरकत होतं. बाया म्हणाल्या, सुगी आली.

४

बाजाराच्या दिवशी मायलेकी पनवेलला बांगड्या भरायला गेल्या. एसटी स्टँडापाशी तुळशीराम भेटला, धुतलेला सदरा नि डोक्याला एवढं तेल की ओघळ कानापर्यंत. कासाराकडं बसल्यावर हौसानं खरखरत विचारलं, “तुमच्या अंगाला बाया गातात त्या कुठल्या?”

तुळशीराम म्हणाला, “बाया? आमच्यात बाया नायत, मामी. सगळे गडीच हाव. गानं तर तुमच्या अंगानं येतंय.” मग हसून म्हणाला, “काय गळा हाय तुमचा. हनुमान जयंतीला आमी अवजारं आणायला आत गेलेलू, तवा तर आमी बसूनच ऐकलं. सनाच्या दिवशी बी कामाला जातंव का तुमी?”

हनुमान जयंतीला अलीकडचं काम बंद होतं. हौसा त्या दिवशी घरी पापड लाटत होती.

कासारीण सत्याच्या मनगटावर हिरवी बांगडी चढवत होती. सत्या ओठ चावून तुळशीरामकडं बघत होती, नि तो तिच्या मनगटाकडं. दोघांच्या कानांवरून सगळं गेलं. बरंच झालं, असं हौसाला वाटलं.

जाता जाता ती डॉक्टरकडं गेली. त्यानं घसा बघितला, म्हणाला, धूळ बसली आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, आणि गाणं बंद. हौसाला हायसं वाटलं. शिकलेला माणूस धूळ म्हणतोय म्हणजे धूळच. एसटीत बसेपर्यंत तिला ते पुरलं. मग खिडकीतून उंबराई दिसायला लागली नि हौसाच्या मनात आलं, धुळीनं आवाज जातो हे खरं, पण धुळीनं गेलेला आवाज दुसरीकडं सापडत नाही.

५

लग्न आठ दिवसांवर आलं आणि हौसाचा आवाज पुरता गेला. तोंड उघडलं की नुसता वारा. आणि बोगद्यात रोज, बाया येण्याआधी नि बाया गेल्यावर, तिचाच गळा, तीच आवतणाची ओळ.

दाजी ओवे गावाहून दुसरी धवलारीण घेऊन आला, मैना नावाची. चांगली जाडजूड, पानाचा विडा गालात धरलेली. आईनं बोगद्यात डोंगराला आवतण दिलं ते सत्यानं तिला सांगितलं. मैनानं विडा थुंकला.

“आवतन दिलंय म्हनतंस? आनि निरोप नाय दिला?” ती उठलीच. “ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं धाडायचं. मी मधे आली तर पावनी माझ्या दारात येऊन बसल. माझं घर लहान हाय गो बाय.”

दाजी म्हणाला, “अगं, चा तरी घे.”

“चा निरोपाच्या नंतर,” मैना म्हणाली, नि उन्हात चालायला लागली.

सत्या चुलीपाशी बसली नि म्हणाली, “आये, तू गायल्याबिगर मी उभी र्‍हायची नाय. मग लगीन मोडलं तरी मोडू दे.”

हौसानं लेकीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या बघितल्या. दोनशे पोरींना तिनं बोहल्यावर चढवलं होतं. आपली एक चढवता येईना.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळी माणसं झाडाखाली भाकऱ्या सोडत असताना, ती कंदील घेऊन आत गेली. पदराच्या टोकाला हळद लावलेल्या अक्षता बांधलेल्या. आवतण द्यायचं तर रीतीनं द्यावं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

तोंडाचा उजेड मागं लहान होत गेला, ताटाएवढा, मग वाटीएवढा. पायाखाली पाणी चुळचुळत होतं. शेवटच्या कातळापाशी तिनं अक्षता ठेवल्या नि ओठ हलवले. आवाज नव्हताच. “पाच दिसांनी. सत्याचं. हितंच, तुझ्या पोटात. तुला कुठं यायला नको नि जायला नको.”

काही झालं नाही. मग कातळाच्या आत बांगड्या वाजल्या. काचेच्या नव्हत्या, जडशीळ, जात्याचा दगड दगडावर फिरावा तशा. आणि त्याच्या मागोमाग कुणीतरी घसा खाकरला. गाण्याआधी हौसा खाकरायची तसाच, दोनदा आखूड, एकदा लांब.

हौसानं कंदील खाली केला. अक्षता होत्या तिथं नुसती ओल होती. तिचे पाय पळायला निघाले होते. तिनं त्यांना आवरलं. पाहुण्याला पाठ दाखवून पळायचं नसतं. ती मागच्या पावली, एकेक पाऊल टाकत, उजेडाकडं आली.

बाहेर शुक्री उभी होती. तिनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी हौसाच्या हातावर ठेवली.

६

मुकादमाच्या मापानं अजून बारा हात कातळ उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया आत गेल्या नि त्यांच्या अंगावर गार वारा आला. कातळात भोक पडलेलं, ताटाएवढं. रात्री बार उडाला नव्हता की पहार लागली नव्हती.

त्या भोकातून एक हात बाहेर आला. काळा, धुळीनं माखलेला, काही चाचपडणारा. बाया किंचाळत मागं सरल्या. सत्या नाही सरली. त्या अंगठ्याला नख नव्हतं, दोन वर्षांमागं पहारीखाली गेलेलं. तिनं हात धरला.

पलीकडून तुळशीराम म्हणाला, “कोन हाय? भाकरी असल तर द्या. सकाळधरनं उपाशी हाव.”

सत्या म्हणाली, “लगीन होऊ दे, मग मागा.”

बाया एवढ्या हसल्या, की मुकादम धावत आत आला.

लग्न बोगद्यात लावायचं म्हटल्यावर विठू काय म्हणेल याची हौसाला धास्ती होती. विठूनं डोक्यावरचं ऊन बघितलं, आतला गारवा बघितला. “वैशाखात यापरीस बरा मांडव कुठं मिळल? आमचा वऱ्हाडी घामानं तरी नाय भिजायचा.” मुकादमानं साहेबाकडून अर्ध्या दिवसाची मोकळीक आणली. गड्यांनी भोक रुंद केलं. आंब्याचे टहाळे लावले, कंदील टांगले. पलीकडून वऱ्हाड वाजत आलं, अलीकडून नवरी गेली, नि मधोमध दोन्हीकडची माणसं भेटली.

हौसा बोहल्याशेजारी उभी राहिली. तिनं दोनदा आखूड खाकरलं, एकदा लांब. तोंड उघडलं. वारा.

आणि मागच्या अंधारातून तिचा आवाज उठला. *पयलं आवतन गावदेवीला.* काय गळा तो. लोकांना वाटलं, हौसाच गाते आहे. तिचे ओठ हलत होतेच. फक्त सत्यानं आईचा दंड घट्ट धरला नि शुक्रीनं डोळे मिटून घेतले.

आवतण संपलं. आता लगीन लागायचं. पण आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. *ये गो बाय, मांडवाला ये.* तिसऱ्यांदा सुरू झाला, तेव्हा त्यात नवी नावं यायला लागली. कुणी न ऐकलेली, ज्या गावांना वाट नाही अशा गावांची. एकेक नाव घेतलं की एकेक कंदील मंदावायचा, जसं कुणी पुढं येऊन उभं राहिलं की उजेड अडतो.

“सरका की गो जराशा,” मागची एक बाई म्हणाली.

“आमीच चेपल्याव. तूच सरक.”

“मी कुठं ढकलतंय?”

माणसं एकमेकांना चिकटत चालली. बोगदा रुंद होता नि वऱ्हाडी साठ-सत्तर. विठूनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला. वाजंत्री थांबली. आवाज नावं घेतच होता, गोड, न थकता.

तेव्हा हौसाला कळलं. गळा गेला, पण तो तेवढंच जाणतो जेवढं तिनं त्याला दिलं. आवतण दिलं होतं. पुढचं दिलंच नव्हतं. पुढचं तिच्या छातीतच होतं.

तिनं छाती भरून घेतली आणि बेडकासारखा, फुटक्या मडक्यासारखा आवाज काढला. *आले गो पावने, बसा गो पावने, लगीन लागतंय पोरीचं.* शब्दागणिक घशात काटे. दोन पोरं खुदकन हसली. पण अंधारातलं गाणं थबकलं. मग अगदी शिकाऊ पोरीसारखं, दबकत, तिच्या मागोमाग आलं: *लगीन लागतंय पोरीचं.*

हौसा गात गेली. ते मागं मागं येत गेलं. अक्षता पडल्या. तुळशीरामनं माळ घातली, ती सत्याच्या अंबाड्यात अडकली, नि साठ माणसं श्वास सोडल्यासारखी हसली. प्रत्येक ओळीला हौसाच्या गळ्यातली खरखर उतरत होती नि अंधारातला गळा बारीक होत होता.

राहिला निरोप. निरोपाला पाहुणीच्या हाताला हळद लावायची रीत. हौसानं तबक उचललं नि जिकडं कुणीच उभं नव्हतं तिकडं, कंदिलाच्या पलीकडं, चार पावलं गेली. *हलद घे गो, कुंकू घे गो, सुखानं घराला जा.*

उजेडाच्या काठावर एक तळवा आला. सुपाएवढा. त्याच्या रेघांतून पाणी वाहत होतं. तो तिच्यापुढं उपडा झाला नि थांबला, जशी कुठलीही बाई थांबते. हौसानं दोन बोटांनी हळद लावली. थंड होता. वर बघावंसं तिला वाटलं, पण धवलारीण पाहुण्यांचं तोंड बघत नाही. तिनं गाणं पुरं केलं.

मागं सगळे कंदील एकदम मोठे झाले. माणसं सैल झाली. कुणीतरी म्हणालं, “हां, आता जागा झाली.”

७

हौसाचा गळा परत आला तो पहिल्यापेक्षा खोल होऊन आला. सत्याच्या लग्नाचं धवलं पलीकडच्या गावांनीही ऐकलं होतं. त्यांना आता तीच पाहिजे. पुढच्या वैशाखात रस्ता सुरू झाला नि दोन्ही अंगांच्या लग्नांना हौसाला न्यायला गाड्या येऊ लागल्या. तिनं घमेलं शुक्रीच्या हवाली केलं. पुढं शुक्रीलाही तिनं सोबत घेतलं, दुसरी ओळ उचलायला. मैना एकदा आली, चहा प्यायली, दुसरा मागून प्यायली.

दाजी कुरकुरायचा, “आहेराच्या लुगड्यांना घरात खुंट्या पुरत नायत. मी झोपायचं कुठं?”

“दाराबाहेर,” हौसा म्हणायची. “उंबराईच्या गार वाऱ्याला.”

तुळशीराम रस्त्याच्या कामावर कायम झाला. सत्या महिन्यातून दोनदा माहेरी यायची, पोर कडेवर, भर उन्हात बोगद्याच्या गारव्यातून चालत. पोर मोठं गोरंगोमटं, नि रडायला लागलं की गावभर ऐकू जायचं. हौसा त्याला मांडीवर घेऊन म्हणायची, गळा आजीचा घेतलास रे.

आणि त्या घरात, जिथं तिघांना दीड भाकरी वाटून खायची सवय होती, तिथं त्या वर्षापासून कधी कुणी टोपलीत किती भाकऱ्या आहेत हे बघून जेवायला बसलं नाही. आलं, बसलं, पोटभर जेवलं, आणि उठताना हौसानं म्हटलं, “अजून एक घे रं.”